डाव्या कुशीवर

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने एक पिशवी काढली, तिच्या तोंडाशी दोन आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "अहीं टांको मारवो पडशे." मग आमच्याकडे बघून हिंदीत, "यहाँ पे. मुँह खुला नहीं रहना चाहिए."

माझा नवरा चित्राकडे वाकून बघत होता. तो पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला आहे. त्याच्या नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग असतो, त्या दिवशी निळा होता. तो म्हणाला, "म्हणजे पार्सलला मारतो तसा? सुतळीचा?"

बाई हसल्या. "हां, वैसा ही समझो. पार्सल नौवें महीने में खोलेंगे."

मीही हसले असेन. चौथा महिना लागला होता. घरी सात वर्षांची मुलगी होती. आणि दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात एक गेलेलं होतं. बाई हे सगळं पेपरवर लिहीत होत्या आणि मला दुसऱ्याच कोणाची तरी माहिती लिहिली जातेय असं वाटत होतं.

मी गाते. सुरतेत आमच्या खानदेशी लोकांची लग्नं असतात, त्यात हळदीच्या संध्याकाळी गाण्याची पार्टी लागते. आमची पार्टी पाच जणांची: ढोलकी, पॅड, की-बोर्ड, एक गाणारा आणि एक गाणारी. गाणारी मी. उधन्यात, पांडेसऱ्यात, कामरेजला, कधी नवापूर, कधी पार धुळ्यापर्यंत. अहिराणी गाणी. गाणारीने एका जागी उभं राहून भागत नाही. माइक घेऊन नवरीच्या मावश्यांमध्ये जावं लागतं, त्यांना नाचवावं लागतं, एखाद्या रुसलेल्या मामाला नाव घेऊन बोलवावं लागतं. ह्यात मी चांगली होते. लोक तारीख ठरवायच्या आधी मला फोन करून विचारायचे की त्या दिवशी मोकळी आहे का.

दोन वर्षांपूर्वीचं कामरेजला झालं. दुसरं गाणं चालू होतं आणि पायावरून काहीतरी ओघळल्यासारखं झालं. उकाड्याचे दिवस होते, मला वाटलं घाम. तिसऱ्या कडव्यात कळलं की घाम नाही. तरी मी गाणं पूर्ण केलं. का केलं, हे मला पुष्कळांनी विचारलं. समोर नवरीची आजी नाचत होती, ढोलकीवाला रंगात आला होता, आणि एक कडवंच राहिलं होतं. मग मी माइक खाली ठेवला, की-बोर्डवाल्या दादांना सांगितलं, मंडपामागच्या खुर्चीवर बसले. मुलगा होता असं सासूबाईंनी नंतर सांगितलं. मी पाहिला नाही.

सव्वा महिन्यानंतर मी परत कार्यक्रम केला. लोक म्हणाले, सावरली बाई. मी सावरले वगैरे नव्हते. सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई देतात आणि मग आपला पाय कोणी उचलला तर दिसतं, पण कळत नाही, तसं होतं. मुलीच्या वेळी ती सुई मला दिली होती, म्हणून माहीत. फरक एवढाच की ते दोन-चार तासांनी उतरलं होतं.

टाका घालायच्या आदल्या दिवशी मी बाईंना एकच गोष्ट विचारली. "मॅडम, गायलं तर चालेल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. बहुतेक आधी कोणी विचारलं नसावं. "गाती हो तो ज़ोर कहाँ से लगाती हो?"

मी पोटावर हात ठेवला.

"तो फिर नहीं. गुनगुनाना, बस. खाँसी भी ज़ोर से आए तो मुझे फोन करना. और डाबी बाजु सुवानुं." डाव्या कुशीवर झोपायचं. गोळ्या, आठवड्याला एक इंजेक्शन, पायऱ्या नाहीत, उकिडवं बसणं नाही, वजन उचलणं नाही. नैसर्गिक विधीपुरतं उठायचं. जेवायलासुद्धा शक्यतो आडवंच.

"किती दिवस?"

"जितने दिन बच्चा अंदर रहे."

टाका घालून घरी आल्यावर नवऱ्याने पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट सरकवली, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. आमची खोली उधन्यात आहे, पहिल्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात बारा-पंधरा माग चालतात. दिवसभर फरशी थरथरते. इतकी वर्षं तिथे राहून मला ते जाणवायचं बंद झालं होतं. आडवी पडल्यावर जाणवायला लागलं. कान उशीला लागला की आवाज पलंगाच्या लाकडातून यायचा. बाळालाही येत असेल असं एकदा मनात आलं. पुढे काही आलं नाही.

सासूबाई गावाहून आल्या. शिरपूरकडचं आमचं गाव. मी त्यांना आत्या म्हणते. माझं स्टेजवर गाणं त्यांना पहिल्यापासून पटलेलं नव्हतं, पण त्या भांडणाऱ्या बाई नाहीत. मागचं बाळ गाण्यामुळे गेलं असं त्या कधीही म्हणाल्या नाहीत. फक्त आल्या दिवशी त्यांनी माझी कार्यक्रमाची बॅग, ज्यात दोन नऊवारी, घुंगराचा कमरपट्टा आणि मेकअपचा डबा होता, ती उचलून माळ्यावर टाकली, आणि स्टुलावरून उतरताना म्हणाल्या, "तू आते गप पडी राह्य. बाकी सारं मी देखी लिसू."

आणि खरंच बघितलं. सकाळी मुलीचा डबा, तिची वेणी, माझा चहा, नवऱ्याची भाकरी. मला ताटात कालवून आणून द्यायच्या. मी कुशीवर पडून डाव्या कोपराचा टेकू घेऊन खायचे. पहिले पंधरा दिवस लाज वाटली. मग तीही वाटेनाशी झाली.

मुलीला सुरुवातीला गंमत वाटली. आई दिवसभर घरात. ती शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्या पाठीमागे आडवी व्हायची, तीही डाव्या कुशीवर, आणि माझ्या पाठीवर बोटाने अक्षरं काढायची. मी ओळखायचे. ती महापालिकेच्या मराठी शाळेत जाते, पण गल्लीत सगळ्या मैत्रिणींशी गुजराती नाहीतर हिंदी. माझ्या पाठीवर ती मराठी आणि गुजराती अक्षरं मिसळून काढायची आणि मी चुकले की खूश व्हायची. महिनाभरात तिला कंटाळा आला. मग ती आल्या आल्या आजीकडे जायला लागली.

एके दिवशी तिच्या शाळेतल्या बाई रस्त्यात सासूबाईंना भेटल्या. वर्गात त्यांनी विचारलं होतं, तुमची आई काय काम करते. कोणाची आई साड्यांना टिकल्या लावते, कोणाची धागे कापते, कोणाची चार घरी भांडी घासते. माझी मुलगी उभी राहून म्हणाली होती, "मेरी मम्मी सोती है."

आत्यांनी मला हे सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, "बरोबरच सांगितलं तिने." आणि मग विचारलं की इंजेक्शनवाली नर्स आज किती वाजता येणार.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते. गल्लीगल्लीत नैवेद्याचे रोट होतात आणि बायका गाणी म्हणतात, आणि अलीकडे मोठ्या मंडळांत पार्टीही लावतात. आमच्याच गल्लीच्या टोकाला मैदानात कार्यक्रम ठरला होता आणि तो आमच्याच पार्टीकडे होता. की-बोर्डवाले दादा आषाढात घरी आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, एक पोरगी बघितलीये. तात्पुरती."

मी म्हटलं, "आवाज कसा आहे?"

"आवाज चांगलाय. पण ती बुलढाण्याकडची. वडील इथे सेंट्रिंगच्या कामाला आहेत. अहिराणी येत नाही तिला. हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात होती."

"मग?"

"मग तुम्ही..." ते मुलीच्या कंपासपेटीकडे बघत म्हणाले. "तुमची वही दिली तर बघा. आणि जरा सांगितलं तर."

ती दुसऱ्या दिवशी आली. बावीस-तेवीस वर्षांची, जीन्स आणि लांब कुडता, हातात केळ्यांची पिशवी. वाकून नमस्कार करायला लागली, पण मी आडवी असल्यामुळे पायाशी जायचं की नाही तिला कळेना. शेवटी पलंगाच्या दांडीलाच हात लावला.

माझी गाण्यांची वही म्हणजे दोनशे पानी जाड रजिस्टर. बारा-तेरा वर्षं मी त्यात गाणी लिहिली आहेत. काही आईकडून ऐकलेली, काही म्हाताऱ्या बायकांकडून लग्नघरात मिळवलेली, काही मी स्वतः जुळवलेली. मी ती कोणाला दाखवत नव्हते. एका बाईने फोटो काढायला मागितली तेव्हा मी तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते. त्या मुलीला मी उशीखालून काढून दिली. देताना काही वाटेल म्हणून मी वाट बघितली. तिने वही मांडीवर घेतली आणि पहिलं पान उलटलं.

"ताई, हे अंडेर म्हणजे काय?"

"मुलगी."

"आणि अंडोर?"

"मुलगा."

ती हसली. "मी म्हटलं अंड्याचं काहीतरी गाणं आहे."

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "इले गाना गावाना शेतस?" हिला गाणी गायची आहेत?

ती रोज दुपारी यायला लागली. मी पडून, ती खाली सतरंजीवर. मला जोरात म्हणून दाखवता येत नव्हतं, म्हणून मी शब्द नुसते बोलायचे आणि हाताने पलंगाच्या कडेवर ठेका धरायचे. चाल गुणगुणून सांगायचे. ती पट्टीत म्हणायची. तिचा आवाज माझ्यापेक्षा स्वच्छ होता, हे पहिल्याच दिवशी कळलं. 'शे', म्हणजे 'आहे', म्हणताना ती 'से' म्हणायची.

"शे," मी सांगायचे.

"से."

"शे. दात मिटून नाही. जीभ जरा मागे."

"शे."

"हां. आता पोटातून."

ती पोटावर हात ठेवून म्हणायची. मी माझा हात तिच्या पोटावर ठेवून बघायचे, जोर तिथूनच लागतोय ना. दुसरा हात माझ्या पोटावर असायचा. तोपर्यंत बाळ फिरायला लागलं होतं. हात लावला की कळायचं. डॉक्टरीणबाईंनी मोजून ठेवायला सांगितलं होतं, जेवणानंतर किती वेळा हललं ते. मी मुलीच्या जुन्या वहीत उभ्या रेघा मारायचे. आत्या विचारायच्या, "हाललं का?" मी म्हणायचे, हो, सात. त्यांना बरं वाटायचं. मला ते सात वेळा पंखा फिरल्यासारखं होतं. मी ते कोणाला बोलून दाखवलं नाही. आईने असं बोलायचं नसतं एवढं मला कळत होतं.

कानबाईच्या दिवशी घरातले सगळे मैदानात गेले. नवऱ्याने मागे थांबतो म्हटलं, मी त्याला मुलीसोबत पाठवलं. खालचे माग बंद होते. खिडकी उघडी होती आणि लाउडस्पीकरचा आवाज सरळ पलंगापर्यंत येत होता. ती मुलगी चांगली गायली. दुसऱ्या गाण्यात एका जागी मी नेहमी श्वास घ्यायला अर्धी मात्रा थांबते, कारण तिथे माझा श्वास पुरत नाही. ती माझी उणीव आहे. तिचा श्वास सहज पुरला असता, पण तीही तिथे अर्धी मात्रा थांबली. तिला वाटलं गाणंच तसं आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

माझी मुलगी धावत घरी आली. घामाने चिंब. "मम्मी, त्या ताई एकदम तुझ्यासारख्याच गातात! एक बाई म्हणाल्या, ह्यांनाच ठेवा आता."

नवरा मागून येत होता, त्याने ते ऐकलं. त्याने मुलीला दटावलं. मी म्हटलं, "असू दे. रोट आणलेत का?" त्याने डबा उघडला. मी खाल्ले, चांगले झाले होते.

नवरा रात्रपाळी नसली की संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावायचा. पाय सतत वर असल्याने पोटऱ्यांत गोळे यायचे. तो फार बोलत नाही. त्या महिन्यांत एकदाच बोलला. तेल लावता लावता म्हणाला, "तुला भीती वाटते का?"

मी विचार केला. "नाही."

"मला वाटते," तो म्हणाला. "मशीनवर उभा असतो आणि फोन वाजला की हात थरथरतात. कंपनीवाल्याचा जरी असला तरी."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. मला सुचलं ते असं, की तेल आज जास्त गरम झालंय. तेच मी बोलले. त्याने वाटी बाजूला ठेवली आणि गार होईपर्यंत थांबला.

नवरात्र गेलं. आठवा महिना नुकता लागला होता. बाई म्हणाल्या होत्या, अजून चार आठवडे काढले की मी निर्धास्त. त्या दिवशी ती मुलगी तुळशीच्या लग्नानंतरच्या हळदींसाठी एक लांब गाणं बसवायला आली होती. ते मीच जुळवलेलं, सहा कडव्यांचं. प्रत्येक कडव्यात नवरीचं एकेक नातं येतं. ती चौथ्या कडव्यावर अडकत होती. मी म्हटलं, पुन्हा म्हण. तिने म्हटलं. मी म्हटलं, तेवढी शेवटची ओळ पुन्हा.

ती थांबली. "ताई."

"म्हण ना."

"ताई, चादर ओली आहे."

मी खाली बघितलं. माझ्या मांडीपासून चादर गडद झाली होती आणि ओल गादीच्या कडेपर्यंत गेली होती. मला कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "ती ओळ आता तुझी बरोबर येतेय." हे मी खरंच बोलले. ती नंतर सांगते तेव्हा हसते, पण त्या वेळी ती हसली नाही. तिने वही फेकली आणि "आजी" म्हणून ओरडली. तो आवाज असा लागला की खालच्या मागावरचा माणूस जिन्यात आला.

१०८ला फोन तिनेच केला. खुर्चीवर बसवून मला खाली उतरवलं, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो मागवाला. आत्या मुलीला शाळेतून घ्यायला थांबल्या. गाडीत ती माझ्या उशाशी बसली होती. माझी वेणी सुटली होती, ती हाताने नीट करत होती. म्हणाली, "ताई, रडा ना थोडं. बरं वाटेल."

मी म्हटलं, "येत नाही गं."

बाईंनी टाका कापला. बाकीचं पटापट झालं. मुलीच्या वेळचं सिझेरियन, पाणी गेलेलं, बाळ आडवं. त्यामुळे पुन्हा टेबलावर. पाठीत सुई दिली. पडद्यापलीकडे कोणीतरी काहीतरी ओढतंय एवढं समजत होतं. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. "बाबो छे," कोणीतरी म्हणालं. मुलगा. माझ्या तोंडासमोरून एक सेकंद नेला. दीड किलोच्या आतला. मी त्याचे कान पाहिले. चपटे, डोक्याला चिकटलेले.

त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. जवळजवळ महिनाभर तो तिथे होता. मला पाचव्या दिवशी घरी सोडलं, मग मी रोज सकाळी आणि दुपारी रिक्षाने जायचे. दूध काढून वाटीत द्यायचं, नर्स ते नळीने घालायची. दूध भरपूर होतं. आत्यांनी डिंकाचे लाडू केले होते, बाजरीची खीर केली होती. त्या बाहेर बाकावर बसायच्या आणि मी आतून आले की विचारायच्या, "किती लिधं?" किती प्यायला? मी आकडा सांगायचे. आजूबाजूच्या आया काचेला हात लावून रडायच्या. एक कोवळी पोर, लग्नाला वर्षही झालं नसेल, सगळा वेळ हुंदके द्यायची. ती मला म्हणाली, "दीदी, आप कितनी हिम्मतवाली हो." मी वाटी धुवायला उठले.

दहाव्या-बाराव्या दिवशी नर्सने त्याला पहिल्यांदा माझ्या अंगावर दिलं. ब्लाउज सोडून, कातडीला कातडी लावून, वरून शाल. दिवसातून दोनदा तासभर. त्याचं वजन असं नव्हतंच. गरम होता फक्त. नर्स केरळची होती, हिंदी तोडून बोलायची. तिला कोणीतरी सांगितलं होतं की मी गाणारी आहे. ती म्हणाली, "गाओ न इसको. माँ का आवाज़ से बच्चा का साँस अच्छा चलता है."

मी तोंड उघडलं. शेकडो गाणी पाठ आहेत मला. पाळण्याची पंचवीस तरी असतील. एकही ओळ आली नाही. आठवत होत्या सगळ्या, पण आवाज लागत नव्हता. नर्स वाट बघत उभी होती. मग मला वाटलं काहीतरी आवाज तर करायला हवा. मी त्याला हळूच सांगितलं, "आज घरी गिलक्याची भाजी केली होती." नर्स गेली. मी पुढे बोलत राहिले. "आजीने तिखट जास्त टाकलं. तुझ्या बहिणीने खाल्ली नाही. तिने डाळ-भात खाल्ला. तुझ्या पप्पांच्या मिलमध्ये आज केशरी रंग होता." त्याच्या छातीचा भाता माझ्या छातीवर वरखाली होत होता. दुसऱ्या दिवशी परत तेच: पाणी किती वाजता आलं, जिन्यातला बल्ब गेला, शेजारणीने कपडे आमच्या दोरीवर वाळत घातले. तो घरी येईपर्यंत मी त्याला घरातली अशी बातमी देत होते. त्याने ऐकलं का माहीत नाही. वजन वाढत गेलं. दिवाळी आम्ही तिथेच काढली. बाकावर आत्यांनी एक पणती लावली, ती वॉचमनने विझवायला लावली.

तो घरी आला तेव्हा मुलीने त्याला बघून विचारलं, "एवढाच?" आणि मग, "आता तू उठणार ना?"

"उठले की. बघ, उभी आहे."

"तसं नाही," ती म्हणाली. ती माझ्या कंबरेला धरून उभी राहिली, बराच वेळ. मी तिच्या केसांतून हात फिरवला. तिची वेणी आता आजी घालायची, माझ्यापेक्षा घट्ट.

माघात मी परत पार्टीत गेले. बॅग माळ्यावरून आत्यांनीच काढून दिली. नऊवारी झटकल्या आणि एकीला कसर लागली होती ती बाजूला ठेवली. बाळाला त्या सांभाळणार होत्या. आता पार्टीत दोन गाणाऱ्या आहेत. दादांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं, "वहिनी, कसं करायचं?" ती मुलगी म्हणाली, "ताई पहिल्या." मी म्हटलं, नको, लांब कडव्यांची तू घे, माझा श्वास आता तेवढा टिकत नाही. हे खरं होतं. टाके भरले होते, पण पोटात जोर लावला की अजून ओढ बसायची. मला ते कमीपणाचं वाटू नये म्हणून तिने पहिल्याच कार्यक्रमात माइकवर सांगितलं की ही सगळी गाणी मी ह्या ताईंकडून शिकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. कार्यक्रम चांगला झाला, पैसे मिळाले, मी घरी आले, बाळाला पाजलं.

लोकांना वाटतं की अशा वेळी एखादा क्षण येतो आणि सगळं परत वाहायला लागतं. माझ्याकडे आला तो फार हलक्या जागी आला.

तो नऊ महिन्यांचा झाल्यावर मी त्याला आरोग्यकेंद्रात लस द्यायला नेलं. मुलीला सुट्टी होती, तीही आली. लांब रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा टेबलावरच्या बाईने त्याला वजनकाट्यात ठेवलं, आकडा बघितला आणि कार्डावर लिहिता लिहिता माझ्याकडे न बघता म्हणाली, "बहु कमजोर छे. दूध नथी आपता के? फरवामां टाइम जाय छे?" फार अशक्त आहे, दूध पाजत नाही का, फिरण्यात वेळ जातो का.

आणि मी ओरडले. काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. गुजरातीत सुरू केलं आणि अहिराणीत गेले. चार महिने, डावी कूस, महिनाभर वाटी, हे सगळं त्यात होतं. तिला त्यातलं निम्मंही कळलं नसणार. रांगेतल्या बायका सरकल्या. आतून डॉक्टर बाहेर आला. बाळ काट्यात पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होतं, मग त्याने ओठ काढला आणि तोही रडायला लागला. माझे कान गरम झाले होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दुःखाचं नव्हतं. मी संतापले होते. इतकी संतापले होते की टेबल उलटं करावंसं वाटत होतं.

ती बाई घाबरून म्हणाली, "बेन, मैं तो सबको पूछती हूँ."

मुलीने माझा पदर ओढला. "मम्मी, बस ना. सगळे बघतात."

"बघू दे," मी म्हटलं.

सुई टोचून झाली. त्याने रडून आकांत केला. मी त्याला छातीशी घट्ट धरलं, आणि त्याच्या रडण्याने मला काहीतरी होत होतं. ते मला सहन होईना. बाहेर पायरीवर बसून मी त्याला पाजलं. मुलगी शेजारी बसली, थोडं अंतर ठेवून, माझ्याकडे चोरून बघत. मग जवळ सरकली.

"मम्मी, तू त्या बाईला म्हणालीस, तुना बाप कधी पडेल होता का चार महिने."

"असं म्हणाले मी?"

"हो. जोरात."

आम्ही दोघी हसायला लागलो. ती आधी, मग मी. तिला उचकी लागली. मी तिच्या पाठीवर थापट्या मारत होते, मांडीवर तो अजून मुसमुसत होता, आणि मला त्या दोघांचीही फार भीती वाटायला लागली होती; दोघांना काही होईल याची. ती भीती अजून गेलेली नाही. रस्ता ओलांडताना असते, ताप आला की असते, कार्यक्रमात मध्येच घरून फोन आला की माझेही हात आता थरथरतात.

उचकी थांबल्यावर मुलीने कोपऱ्यावरच्या गाडीकडे बोट दाखवलं. तिला बर्फाचा गोळा हवा होता, कालाखट्टा. एरवी मी खोकला होतो म्हणून नाही म्हणते. त्या दिवशी दोन घेतले.